मी दोन नावं खोडली

"आबा, उठा. चादर काढायचीय."

मी उठलो. सकाळपासून छातीवर कुणी भरलेलं पोतं ठेवल्यासारखं झालं होतं. डावा हात जड. शर्ट काढून हातात धरलेला. पट्टी, म्हणजे ईसीजी, काढणाऱ्या माणसानं पलंगावरची पांढरी चादर ओढून काढली आणि तिच्या जागी काळं प्लास्टिक अंथरलं. कचऱ्याच्या पिशवीचं. फाडून सपाट केलेलं.

"आता झोपा. आन् हात कडेला टेकवू नका."

मी झोपलो. दार उघडंच होतं. बाहेर बाकावर पंधरा-वीस माणसं. दाराशी माझा मुलगा दत्ता. तो सणसवाडीला कंपनीत आहे, निवृत्त झाल्यावर मी त्याच्याकडेच राहतो. त्यानंच मला मोटारसायकलवर या शिरूरकडच्या खाजगी दवाखान्यात आणलं होतं.

नर्स माझी फाइल घेऊन आत आली आणि मोठ्यानं म्हणाली, "थांब रे. ह्यांचं रक्त हेपटायटिस बी पॉझिटिव्ह आलंय. कावीळवाले हायत. ह्यांचं शेवटी घे, मशीन पुसत बसायला लागतं. आधी सरपंचांच्या वडलांना घे."

बाहेरून पांढऱ्या कपड्यातले एक गृहस्थ उठून आले. त्यांना काही होत नव्हतं, वर्षाची तपासणी करायला आले होते. मला बघून त्यांनी रुमाल नाकाला लावला. मला पलंगावरून उठवलं. कोपऱ्यात उभं केलं. उघड्या अंगानं. वय बहात्तर.

दत्ता माझ्याकडे बघत नव्हता. फाइलकडे बघत होता.

"अण्णा, हे कवापासनं?"

मी हातातल्या शर्टाची घडी घालायला लागलो.

डॉक्टर दारातूनच म्हणाले, "बी कावीळ आहे ना? मग छातीचं काही नाही. लिव्हरचं दुखणं असं वर चढतं. गॅसची गोळी द्या आणि घरी जाऊ द्या."

ते वाक्य मी ओळखलं. ते माझं होतं. बारा वर्षांपूर्वी मी ते एका माणसाला ऐकवलं होतं आणि तो दोन तासांत मेला होता.

मी कोपऱ्यातून चालत गेलो आणि पुन्हा त्या काळ्या प्लास्टिकवर झोपलो.

"ओ आबा, उठा की. ह्यांचा नंबर हाय."

"पट्टी काढ. काढल्याबिगर उठायचा न्हाई मी."

"आबा, ऐका जरा..."

"चाळीस वर्षं कारखान्याच्या दवाखान्यात कंपाउंडर व्हतो मी. छातीत कळ आलेला माणूस घरी धाडला की काय व्हतं, मला ठावं हाय. काढ पट्टी."

सरपंचांचे वडील बाहेर गेले. पट्टी काढली. कागद मशीनमधून सरकत आला, पट्टीवाल्यानं तो बघितला आणि डॉक्टरांकडे धावत गेला. डॉक्टर आता दारातून नाही, पलंगापाशी आले. माझ्या मनगटाला त्यांनी हात लावला. हातमोज्याशिवाय. तासाभरात मी रुग्णवाहिकेत होतो, पुण्याच्या वाटेवर. दोन स्टेंट बसले.

दत्ता सगळ्यांना सांगतो, आमच्या अण्णांनी कसं सुनावलं. लोक मान डोलावतात. मला तोंड लपवावंसं वाटतं. मी सुनावलं ते माझ्यासाठी. ज्याच्यासाठी सुनावायला हवं होतं, त्याला मी स्वतः घालवलं. ते आता लिहितो.

आमच्या भागातल्या एका साखर कारखान्याच्या दवाखान्यात मी नोकरीला होतो. नाव घेत नाही. माझा बाप मेंढरं राखायचा. आमच्या वस्तीवर दहावी झालेला मी पहिला. कारखान्याचे एक संचालक होते, त्यांना सगळे बापूसाहेब म्हणत. त्यांच्या शब्दावर मला नोकरी लागली. त्यांच्या ओसरीवर मी कधी बसलो नाही. पायरीवर बसायचो. चहा यायचा तो कान तुटलेल्या कपात. तो कप माझ्यासाठी खिडकीच्या फळीवर वेगळा ठेवलेला असायचा. वेगळ्या भांड्यातला चहा कसा लागतो, हे मला माहीत होतं. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं मी नकळत केलं असं कुणी म्हणू नये.

एका वर्षी कारखान्यात रक्तदान शिबिर झालं. अडीचशे जणांनी रक्त दिलं. मीही दिलं. महिन्याभरानं रक्तपेढीकडून दवाखान्याच्या पत्त्यावर सहा बंद पाकिटं आली. प्रत्येकावर एकेकाचं नाव आणि 'गोपनीय' असा शिक्का. ज्याचं त्याला द्यायचं होतं. मी सहाच्या सहा फोडली.

सहा जणांच्या रक्तात बी कावीळ सापडली होती. ही कावीळ डोळे पिवळे करून महिन्याभरात जाणारी नाही. वर्षानुवर्षं रक्तात गप्प बसून राहते. पत्रात तसं छापलं होतं. त्याच पत्रात खाली आणखी एक ओळ होती: एकत्र जेवल्यानं, एका भांड्यातून पाणी प्यायल्यानं हा आजार पसरत नाही. ती ओळ मी वाचली होती. सहा वेळा.

पाचवं पाकीट माझं होतं. सहावं बापूसाहेबांच्या पुतण्याचं.

मी बापूसाहेबांकडे गेलो. पायरीवर उभा राहिलो. पुतण्याचंही पत्र आहे, हे सांगितलं. त्यांनी पत्रं नुसती चाळली.

"यादी करून कँटीनच्या बोर्डावर लाव. बाकीच्यांनी जपून राहावं. आन् आमच्या पोराचं नाव खोड. त्याचं लगीन जमतंय."

"व्हय जी."

माझंही नाव आहे हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. चष्मा आत होता. मी दवाखान्यात आलो, यादी लिहायला बसलो. दत्तासाठी त्या वर्षी मुली बघत होतो. नाव खोडता येतं, हे मला नुकतंच कळलं होतं.

बापूसाहेबांनी एक नाव खोडायला सांगितलं. मी दोन खोडली.

बोर्डावर चार नावं लागली. माझ्या अक्षरात. पहिलं नाव सोपानचं.

सोपान गव्हाणीवर होता. उसाच्या मोळ्या जिथून आत जातात, तिथं. आमच्याच वस्तीवरचा, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. मला आप्पा म्हणायचा. यादी लागल्यावर कँटीनवाला दवाखान्यात आला, म्हणाला, आता ह्या चौघांच्या गिलासांचं काय करू? मी ऑइलपेंटचा डबा काढला. स्टीलच्या चार गिलासांच्या कडेखाली लाल रेघ ओढली. गोल. ब्रश घेऊन, नीट. ती कल्पना कुणी मला दिली नव्हती. माझीच.

बाकीचे तिघे हंगाम संपता संपता काम सोडून गेले. सोपान राहिला. वर हसायचासुद्धा.

"आप्पा, सगळ्यांचे गिलास चोरीला जात्यात, माझा जात न्हाई बघ. तिजोरीत ठेवायची गरज न्हाई."

मी पण हसायचो. माझा चहा साध्या गिलासात.

आणि त्याला ही कावीळ आली कुठून? लोक म्हणाले, बाहेरख्याली असणार. मी गप्प बसलो. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षांत काचेची पिचकारी होती. प्रत्येक माणसामागं उकळायची, असा नियम. हंगामात दवाखान्यासमोर रांग लागायची. स्टोव्ह पेटायचा नाही, घाई असायची. स्पिरिटच्या बोळ्यानं सुई पुसायची आणि पुढच्याला टोचायची. सोपानला थंडीतापात मी कितीतरी इंजेक्शनं दिली. तीच सुई माझ्या बोटात कितीदा गेली. त्याला माझ्याच हातून ती मिळाली, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. नाही मिळाली, हेही सांगू शकत नाही.

आता रसाचं सांगतो. आमच्याकडं कावीळ म्हटली की उसाचा रस. घरोघर हेच. तेल बंद, तूप बंद, फुटाणे खा, गूळ खा, रस प्या. साध्या काविळीत आठ-पंधरा दिवस लोक तसं करतात आणि बरे होतात, म्हणून विश्वास. सोपानची कावीळ आठ-पंधरा दिवसांची नव्हती. ती जन्माची. मग रसही जन्माचा. साखर कारखान्यात रसाला काय तोटा? मी त्याला दवाखान्याच्या कागदावर लिहून दिलं: रस, सकाळ-संध्याकाळ, दोन गिलास. हंगाम नसेल तेव्हा गुळाचं पाणी. खाली सही केली. तो कागद त्यानं पिशवीत घालून जपला. नऊ वर्षं तो लाल रेघेच्या गिलासातून रस पीत राहिला. औषध म्हणून. कंटाळा आला तरी.

एकदा म्हणाला, "आप्पा, लई झाला की रस. लघवीला मुंग्या लागत्यात."

कंपाउंडर माणूस मी. मुंग्या लागणं म्हणजे लघवीत साखर, हे मेंढपाळालाही कळतं. मी म्हणालो, "लिव्हरची घाण बाहेर पडतीया. चांगलं हाय."

पायाची जखम तीन महिने भरली नाही. लिव्हर. गव्हाणीचा जिना चढताना दम लागायला लागला. लिव्हर. दौंडला एका डॉक्टरांनी त्याला शुगर तपासायला लिहून दिलं होतं आणि कोलेस्टेरॉलची गोळी सुरू केली होती. चिठ्ठी घेऊन तो आधी माझ्याकडं आला. दवाखान्यात बसणारा डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचा, बाकी दिवस लोक मलाच डॉक्टर समजत. मी चिठ्ठी वाचली.

"ही गोळी लिव्हर जाळती. तुला चालायची न्हाई."

"बंद करू?"

"कर."

त्यानं केली. त्याचा केसपेपर काढला की वर कोपऱ्यात मी लाल शाईनं लिहिलेला 'बी' असायचा. तो दिसला की मला खालचं काही दिसायचंच नाही. माणूसही नाही.

माझ्या शेवटच्या हंगामात, एका दुपारी, तो गव्हाणीवरून चालत दवाखान्यात आला. हात छातीवर. माघातली हवा, आणि हा घामानं भिजलेला.

"आप्पा, हितं आवळतंय. हात भरून आलाय."

मी खुर्चीवरून उठलो नाही. बीपीचं मशीन समोर टेबलावर होतं. त्याचा पट्टा मी त्याच्या दंडाला बांधला नाही, कारण तो पट्टा मग दुसऱ्यांना बांधावा लागतो. म्हणून. आणि माझ्या स्वतःच्या रक्तात तेच होतं. मी रोज तोच पट्टा हाताळत होतो.

मी म्हणालो, "बी कावीळ हाय तुला. छातीचं काय न्हाई. लिव्हरचं दुखणं असं वर चढतं. ही गॅसची गोळी घे, रस पी, पड घटकाभर."

"गाडी मिळंल का दौंडला जायला?"

"एवढ्याशासाठी गाडी काढत न्हाईत."

तो बाहेर पायरीवर बसला. कुणीतरी त्याचा गिलास भरून आणून दिला. दोन घोट घेतले असतील. दीड तासानं गिलास घरंगळल्याचा आवाज आला तेव्हा मी उठलो. मग गाडी निघाली. दौंड यायच्या आत संपलं होतं.

रजिस्टरमध्ये मी लिहिलं: 'जुना काविळीचा रुग्ण. लिव्हर.' त्याच कागदावरून पुढचे सगळे कागद झाले.

लिव्हर म्हटलं की गावाला एकच माहीत. दारू. सोपाननं जन्मात दारूला हात लावला नव्हता. पण कारखान्याच्या रजिस्टरमध्येच तसं आहे म्हटल्यावर कोण ऐकतं? त्याच्या मुलीचं जमलेलं स्थळ मोडलं. दारुड्याची पोर, वर घरात कावीळ. तिची आई, हिराबाई, दवाखान्यात आली. डोक्यावरचा पदर सारखा करत उभी राहिली. मी तिला बस म्हणालो नाही.

"आप्पा, तुम्ही तरी सांगा की लोकास्नी. ह्यांनी कवा घेतली न्हाई. तुमास्नी ठावं हाय."

"वहिनी, कागदावर हाय ते हाय. माझ्या हातात काय न्हाई."

माझ्याच हातात होतं. पेन त्या वेळीही हातातच होतं.

पुण्याला स्टेंट बसल्यावर तिथल्या डॉक्टरीण बाई राउंडला आल्या. तरुण, शांत बोलणाऱ्या. म्हणाल्या, "आजोबा, लिव्हरचे डॉक्टर वेगळे बघतील, पण हृदय विसरायचं नाही. अशी कावीळ वर्षानुवर्षं अंगात असली की सगळे लिव्हरकडं बघतात आणि बाकीचं बघायचं राहून जातं. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल. ते उलट जास्त लक्ष देऊन बघायला हवं."

मी विचारलं, "कोलेस्टेरॉलच्या गोळीनं लिव्हर जळतं का?"

"लिव्हर फारच खराब झालं असेल तर वेगळा विचार करतो. नाहीतर बहुतेकांना देता येते. अधूनमधून रक्त तपासायचं. आपल्या मनानं बंद मात्र करायची नाही."

"आन् उसाचा रस?"

त्यांना हसू आलं. मग माझं तोंड बघून थांबल्या. "कशाला? कुणी सांगितलं?"

मी भिंतीकडे तोंड केलं. 'मी' हे एक अक्षर तोंडातून निघालं नाही.

घरी आल्यावर दत्ताला सगळं सांगितलं. घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं. कुणाला नाही. सगळ्यांना लस टोचली. त्याची आई सहा वर्षांपूर्वी गेली. तिला ही होती का, हे मला कधीच कळणार नाही. तिचं रक्त तपासलं असतं तर माझं उघडं पडलं असतं, म्हणून मी कधी तपासूच दिलं नाही. हे ऐकल्यावर दत्ता आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. बरोबर केलं त्यानं.

दोन महिन्यांनी एसटीनं न्हावऱ्यावरून चौफुल्याला आलो, तिथून वरवंड. हिराबाई आता वरवंडच्या बाजूला मुलीजवळ राहतात. मुलीचं पुढं दोन वर्षांनी जमलं, दूरच्या माणसांत. गेलो तेव्हा हिराबाई अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. मला ओळखलं. बसा म्हणाल्या.

मी बसलो आणि सांगितलं. पाकिटं. दोन खोडलेली नावं. सुई. रस. गोळी. न बांधलेला पट्टा. गाडी. त्या शेंगा फोडत राहिल्या. संपल्यावर उठून आत गेल्या.

चहा घेऊन आल्या. माझ्यापुढं ठेवला. सोपानचा स्टीलचा गिलास, कडेखाली लाल रेघ. रंग बराचसा उडालेला, पण रेघ ओळखू येत होती.

"घ्या आप्पा. तुमचाच हाय. लई वर्सं वाट बघत व्हता."

मी गिलास उचलला. चहा प्यायलो. संपेपर्यंत गिलास खाली ठेवला नाही, कारण खाली ठेवला असता तर पुन्हा उचलवला नसता.

"वहिनी, मला माफी..."

"माफीबिफी ऱ्हाऊ द्या. मला काय सांगताय? ह्यांनी दारू घेतली न्हवती हे मला ठावंच व्हतं. ज्यास्नी ठावं न्हाई त्यास्नी सांगा. यादी कुठं लावली व्हती?"

"कँटीनच्या बोर्डावर."

"मग हितं कशाला आलाव?"

त्यांनी गिलास धुतला नाही. फडक्यात बांधून माझ्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेलो. बारा वर्षांनी. कँटीन तिथंच, बोर्ड तोच, नवा रंग. चहावाला मला ओळखून म्हणाला, "या आप्पा! कुणाला शोधताय?" आणि त्याच्यामागं फळीवर मी बघितलं. कडेला, बाकीच्यांपासून हातभर लांब, पाच गिलास उपडे. लाल रेघेचे. रंग ताजा.

"हे काय?"

"कावीळवाल्यांचे. तुम्हीच घातलेली पद्धत की! आजून मोडली न्हाई आमी."

अभिमानानं म्हणाला. मला बरं वाटावं म्हणून.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्यातला एक गिलास उचलून एक कामगार बाहेर बाकावर जाऊन बसला. पस्तिशीचा असेल. बिहारकडचा, ठेकेदाराकडून आलेला. नाव रमेश. हंगाम सुरू व्हायचा होता म्हणून रस नव्हता. गिलासात गुळाचं पाणी. मी जवळ जाऊन बसलो. तो सरकला. मला त्रास नको म्हणून.

"ये क्यूँ पीते हो?"

"दवाखाने में बोला, चाचा. लिवर के लिए अच्छा है."

"सीने में दर्द?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. "सीढ़ी चढ़ते वक़्त. थोड़ा. बोले, लिवर का है."

माझ्या मोडक्या हिंदीत मी त्याला काय सांगितलं ते आठवत नाही. त्याच्या हातातलं पाणी ओतून दिलं एवढं आठवतं. ठेकेदाराच्या मुकादमाला म्हणालो, ह्याला दौंडला नेतोय. तो म्हणाला, "आप्पा, खाडा पडंल त्याचा." मी म्हणालो, "पडू दे." दौंडच्या सरकारी दवाखान्यात त्याची पट्टी काढली. शुगर इतकी होती की नर्सबाईंनी मशीन दोनदा लावलं. बीपीही वर. पट्टी ठीक नव्हती, त्याला तिथंच ठेवून घेतलं. तो जगेल. डॉक्टर तसं म्हणाले. तो मला परत परत धन्यवाद देत होता आणि मला त्या वॉर्डात उभं राहवेना. त्याच्या गिलासावरची रेघ मी ओढली नव्हती. पण ती माझीच होती.

या महिन्याच्या शेवटी कारखान्याचा हंगाम सुरू होतोय. गव्हाणीत मोळी टाकायचा कार्यक्रम असतो. सगळे कामगार, सभासद, आजूबाजूच्या गावांची माणसं येतात. बापूसाहेब आता थकलेत, पण त्या दिवशी त्यांना खुर्चीतून आणतात, हार घालतात. त्या दिवशी मी जाणार आहे.

दत्ताला सांगितलं. तो म्हणाला, "अण्णा, झालं ते झालं. आता कशाला? मनीला स्थळं यायला लागल्यात."

मनी म्हणजे त्याची मुलगी. माझी नात.

"सोपानच्या पोरीलाबी आलं व्हतं."

"जाणारच असाल तर मी सोडायला येणार न्हाई."

"एसटी हाय."

मी सोपानच्या नावानं एक कागद लिहिला आहे. त्यात लिहिलंय की तो छातीच्या दुखण्यानं गेला, उपचारावाचून गेला, दारू त्यानं कधी घेतली नव्हती, आणि रजिस्टरमधली नोंद मी खोटी केली. हिराबाईंना वाचून दाखवला. त्यांनी अंगठा उठवला. त्याची एक प्रत कारखान्याच्या कार्यालयात देणार आहे, पोच घेऊन.

आणि बोर्डावर यादी लावणार आहे. माझ्याच अक्षरात. बाकीच्यांची नावं सांगायचा हक्क मला तेव्हाही नव्हता, आताही नाही. पुतण्याचंही नाही. ज्यानं त्यानं आपलं बघावं.

यादीवर एकच नाव असेल. माझं. खाली ती ओळ, जी मी सहा वेळा वाचली होती आणि लपवली होती: एका भांड्यातून पाणी प्यायल्यानं हा आजार पसरत नाही. त्याखाली: ही कावीळ असलेल्या माणसाच्या छातीत दुखलं तर आधी पट्टी काढा.

मग फळीवरचे ते पाच गिलास खाली घेईन, रॉकेलचा बोळा घेऊन सगळ्यांसमोर बसेन आणि रेघा पुसीन. कुणी हात धरला तरी. सोपानच्या गिलासावरची मात्र पुसणार नाही. तो माझ्यासाठी ठेवला आहे. उरलेला सगळा चहा मी त्याच्यातूनच पिणार आहे, आणि कुणी विचारलं की हा कुणाचा, तर सांगणार आहे.